तीन सुती चेन

शाहूपुरीतल्या त्या गल्लीत पंप, फवारे आणि शेतीच्या यंत्रांची वीसेक दुकानं आहेत, आणि त्यांतल्या एकाच दुकानात गिऱ्हाईक मागेल ते त्याला मिळत नाही. ते दुकान अनुजाचं. पाटी सासऱ्यांच्या नावाची आहे, कागदोपत्री मालक तिचा नवरा सम्राट आहे. पण सम्राट दुरुस्तीच्या कामांसाठी गावोगाव हिंडतो आणि दुकानात बसते ती अनुजा.

झाड कापायची मशीन घ्यायला माणूस आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मोठ्यात मोठी पट्टी दाखवा." पट्टी म्हणजे मशीनच्या पुढं निघालेला लोखंडी बार, ज्याच्या कडेनं दातांची चेन फिरते. बारा एकराचा बागायतदार असो नाहीतर परसातलं शेवग्याचं झाड पाडायला निघालेला पेन्शनर, पट्टी सगळ्यांना लांबच हवी. मिशा वाढवाव्यात तसं हे चाललेलं असतं.

अनुजा मग शांतपणे विचारायची, "खोड केवढं हाय?" उत्तर आलं की तिचा हिशेब सुरू. खोड दोन्ही अंगांनी कापता येतं, तेव्हा खोडाच्या निम्म्याहून थोडी जास्त पट्टी पुरे. मधल्या मापाची मशीन, अठ्ठावन्न सीसीचं इंजिन. तिला अठरा इंची पट्टी लावली तर ती लोण्यातून जाते. बावीसची लावली तर निम्मा जीव नुसती चेन ओढण्यात जातो. वर तेल जास्त, आणि टोक कुठं अडकलं तर मशीन उसळून अंगावर यायची भीतीही जास्त. हे सगळं ती गिऱ्हाइकाला ऐकवायची, त्याला नको असलं तरी.

चेनचंही तेच. चेनच्या कड्यांमधल्या अंतराला पिच म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात ते दशांशात छापलेलं असतं, पण दशांश ऐकून कोल्हापूरच्या माणसाचं काही हलत नाही. म्हणून अनुजा सुतारांच्या मापात बोलायची, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बारीक ती अडीच सुती, जाड ती तीन सुती. मधल्या मशीनला अडीच सुती, कारण आतल्या चाकाचे दात त्याच मापाचे. तीन सुती मोठ्या मशीनची. ती या चाकावर बसायचीच नाही, मग तुम्ही देव पाण्यात घालून बसा. एवढं झाल्यावर ती स्वतः चेन चढवायची, मशीन सुरू करून दाखवायची आणि मगच ती दारातून बाहेर जाऊ द्यायची.

"तू इकत न्हाईस, शाळा घेतीस," सम्राट म्हणायचा. पण त्या शाळेपायीच गडहिंग्लज-चंदगडपासून लोक तिच्या दुकानाचा पत्ता विचारत यायचे, हे त्यालाही माहीत होतं.

तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दुकान उघडून ती खराट्याने पायरी झाडत होती, तेव्हा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. पंचेचाळिशीचा, काटक, खांद्याला पिशवी.

"या पावणं. कुठनं आलासा?"

"चंदगडकडचा मी. जोतीराम. काजूच्या बागा छाटायची कामं घेतो. आतापतोर भाड्याची मशीन आणायचो, आता म्हटलं आपली घ्यावी."

"झाड केवढं हाय?"

इथं खरं तर त्याने मोठी पट्टी मागायला हवी होती. त्याने मागितली नाही. त्याने पिशवीत हात घातला, एक गुंडाळलेली चिंधी काढली आणि म्हणाला, "खोडाला गुंडाळून माप आणलंय. ह्यावर तुम्ही म्हणशीला ती पट्टी."

अनुजाला माणूस आवडला. माप घेऊन येणारं गिऱ्हाईक तिला वर्षातून दोनदा भेटायचं. तिने टेप लावली. चिंधी सव्वाआठ फूट भरली, म्हणजे खोड साडेएकतीस इंचांचं. "अठराची पट्टी, अडीच सुती चेन," ती म्हणाली आणि चिंधी गुंडाळायला घेतली.

आणि तिचा हात थांबला. चिंधी हिरव्या इरकलीची होती, काठासकट फाडलेली. काठ एके ठिकाणी उसवलेला होता आणि तो पिवळ्या दोऱ्याने शिवलेला होता. हिरव्या लुगड्याला पिवळा दोरा. हा अगोचरपणा तिने स्वतःच केला होता, मागच्या दिवाळीत, माहेरी आईच्या पायाशी बसून, हिरवं रीळ संपलं म्हणून.

आईला ती आक्का म्हणायची. हे लुगडं आक्काचं होतं.

"झाड कसलं हाय?" तिने विचारलं. आवाज होता तसाच ठेवला.

"आंबा."

"कुठल्या गावात?"

"हितंच की, कागलच्या पुढं."

"मालक कोण?"

जोतीरामने इकडं-तिकडं पाहिलं. टांगलेल्या फवाऱ्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मालकाचं काय घेऊन बसलासा, वैनी? हाईत एक. नाव सांगू नगं म्हणलेत."

अनुजाच्या मनात पाल चुकचुकली. नुसती चुकचुकली असती तर ठीक होतं. पण अनुजाचा स्वभाव असा की पाल चुकचुकली, की ती सगळं घर उकरून काढणार.

कागलपासून आत सहा किलोमीटरवर तिचं माहेर. वस्तीच्या मागच्या बांधावर एक आंबा. शेपू आंबा. नाव ऐकून तोंडाला पाणी सुटायची गरज नाही. त्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास येतो. गावात फुकट वाटला तरी लोक 'घरात हाईत आंबं' म्हणून पुढं जायचे. पण अनुजाला लहानपणापासून तोच लागायचा.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि आपल्याकडं जे होतं तेच झालं. बहिणीने भावाला हक्कसोड लिहून द्यायची, भावाने बहिणीला साडी नेसवायची, सगळ्यांनी कागलात मिसळ खायची आणि घरी जायचं. अनुजाने सही केली. वाचलंसुद्धा नाही. बाहेर पायरीवर आल्यावर भावाला, उदयसिंहला, ती एवढंच म्हणाली, "दादा, सगळं तुझं. शेपू आंबा तेवढा माझा. त्याला हात लावलास, तर वाटणी मागाय दारात हुभी राहीन." उदयसिंह हसला होता. दरवर्षी मे महिन्यात दोन पाट्या आंबे न चुकता दुकानात येत. माहेरचं तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

आणि आता तो आंबा पाडायला हा माणूस तिच्याच दुकानात मशीन घ्यायला आला होता.

तिला एकेक आठवू लागलं. पाडव्यापासून दादाचा फोन नाही. मागच्या आठवड्यात आक्काला विचारलं, "आंबं कसं हाईत?" तर ती म्हणाली, "हाईत की," आणि लगेच म्हशीच्या विषयावर गेली. हायवेला लागून प्लॉट पडताहेत म्हणे. आंब्याचं लाकूडही कोणी फुकट नेत नाही. आणि चिंधी! म्हातारीचं लुगडं फाडून माप घेतलं, आणि तिला काय सांगितलं असेल कोण जाणे.

"पावणं, मी इचार केला," ती म्हणाली. "तुम्ही बावीसची पट्टी घ्या."

"आत्ता अठरा म्हणालासा की."

"जुनं झाड हाय. बावीसचीच घ्या."

जोतीरामने मान डोलावली. तिने सांगितलं तर त्याला पटलंच. ती आतल्या खोलीत गेली. फळीवर डाव्या हाताला अडीच सुती चेनची खोकी होती, उजव्या हाताला तीन सुतीची, बावीसच्या पट्टीच्या लांबीची. तिने उजवीकडचं एक उचललं, वरची चिठ्ठी नखाने काढून टाकली आणि मशीनच्या खोक्यात ठेवलं.

यात कोणाचं वाईट होणार नव्हतं, असं तिने स्वतःला समजावलं. चेन बसणार नाही, मशीन चालणार नाही, माणूस फोन करील, चेन संपलीय, दोन दिवसांनी या म्हणता येईल. तेवढ्यात आपण गावी जाऊन काय चाललंय ते डोळ्यांनी बघू.

"सुरू करून दावा की," जोतीराम म्हणाला.

"आज मिस्त्री न्हाय. सोपं असतंय बसवाय. पुस्तकात चित्र हाय."

तिच्या दुकानातून सुरू न करता गेलेली ती पहिली मशीन. जोतीरामने खोकं खांद्यावर घेतलं, "येतो वैनी," म्हणाला, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

संध्याकाळी सम्राट आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, फक्त चेनचं सोडून.

"मग एक फोन कर की दादाला," तो म्हणाला. "इचार सरळ."

"इचारलं म्हंजे सांगंल व्हय तो?"

"आक्काला इचार."

"आक्का त्याच्याच घरात ऱ्हाती. ती काय सांगणार?"

"अगं, पण इचारून तर बघ."

अनुजाने विचारलं नाही. फोन तिच्या हातात होता, दादाचं नाव दुसऱ्याच ओळीत होतं. पण फोन केला तर तो सावध होईल, आणि तिला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. एवढं साधं होतं ते. आपला भाऊ चोर निघावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं, पण निघालाच तर आपण तिथं असावं, असं मात्र फार वाटत होतं.

सकाळी तिने दुकान सम्राटवर टाकलं आणि स्कूटर काढली. हायवेला ऊन चढायला लागलं होतं. कागलच्या अलीकडं लाकडं भरलेला ट्रक दिसला तर तिने मान वळवून बुंधे निरखले. फाट्यावर एका शेतात पांढरे दगड रोवलेले दिसले, तर तिने त्याचा संबंध दादाशी लावला. ते शेत दादाचं नव्हतं, त्याच्या चुलत्याचंही नव्हतं. पण डोकं एकदा त्या वाटेला लागलं की दगडसुद्धा साक्ष द्यायला लागतात.

वळणावरून तिला झाड दिसलं. उभं होतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा उकळायला लागला, कारण फांद्यांना दोर बांधलेले होते. खाली चार पाट्या भरून आंबे उतरवलेले होते, अजून पुरते न भरलेले, हिरवेगार.

उदयसिंह बांधावर उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगा, अगदी चोरी पकडल्यासारखाच पडला.

"अनू? तू कशी काय आलीस?"

"का, येऊ नगं?" तिने स्कूटर उभी केली. "झाड कुणाला इकलंस, दादा?"

"इकलं?"

"आंबंबी उतरलंस. मला इचारायची गरज न्हाय वाटली?"

त्याने तिचा दंड धरला, लहानपणी विहिरीच्या कडेवरून मागं ओढायचा तसा, आणि तिला झाडाच्या दुसऱ्या अंगाला नेलं. तिथून वरचा अर्धा आंबा वाळून खराटा झाला होता. एक पान नव्हतं. बुंध्याच्या सालीला भोकंच भोकं, आणि खाली ओंजळभर भुसा पडलेला. उदयसिंहने कुऱ्हाडीचा दांडा एका ढोलीत घातला. दांडा आत गेला, आणखी आत गेला, आणि शेवटी त्याचा कोपरही आत गेला.

"भिरूड लागलीय," तो म्हणाला. "दोन वर्सं औषध घालाय लागलोय. कृषी खात्याचा माणूस आणून दावला. तो म्हणाला पाडा, घराकडं कललंय. मागल्या आइतवारी फांदी पडली ती आक्काच्या खाटंवर. ती नुकती उठून तांब्या आणाय गेलती, म्हणून वाचली. परवानगीचा कागद घरात हाय, बघायचा आसंल तर."

मोडलेली खाट भिंतीला टेकवून ठेवली होती. अनुजाने जवळ जाऊन ती पाहिली.

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

उदयसिंहने दांडा बाहेर काढला, त्यावरचा भुसा झटकला. बराच वेळ झटकत राहिला.

"तू कागलात पायरीवर काय म्हणालीस ते ध्यानात हाय?"

"ते मी म्हणलं म्हणून तू..."

"म्हणलीस खरं. मी हसलो, पर माझ्या डोक्यातनं गेलं न्हाय. म्हटलं, झाड वाळलंय म्हणून सांगितलं आणि तुला खोटं वाटलं तर? औषध घालून मीच वाळवलं म्हणालीस तर? म्हणून ठरीवलं, पयलं पाडावं, आंबं तुझ्याकडं पोचवावं, मग सांगावं. या चारीबी पाट्या तुझ्याच हाईत. पिकतील गवतात."

तो चुकला होता आणि हे त्याला कळत होतं. अनुजालाही ते कळलं, आणि क्षणभर तिला बरं वाटलं की चूक एकट्या आपल्याच पदरात नाही. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

वस्तीच्या रस्त्याने एक मोटारसायकल आली. मागं जोतीराम बसला होता. त्याच्या डाव्या हाताला पांढरं फडकं होतं, दोन बोटांना जाडजूड बांधलेलं.

"काय म्हणला डॉक्टर?" उदयसिंहने विचारलं.

"पाच टाकं घातलं. काय न्हाय, दोन दिसात मशीन धरतो बघा." मग त्याला अनुजा दिसली आणि तो ओशाळला. "वैनी? तुम्ही कशाला आलासा एवढ्या लांब? मी फोनच करणार हुतो. चेन बसंना झालीया. पयलीच नवी मशीन, मला काय जमंना. सक्काळी पेचकस घालून चाकावर दाबाय गेलो, तर सटाकदिशी निसटली आणि बोटावर आली. माझीच चूक. पुस्तक नीट वाचाय पायजे हुतं."

चेन बसणार नाही, हे अनुजाला माहीत होतं. बसत नाही म्हणून माणूस ती दाबील, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या दुकानातून चेन गेली म्हणजे ती बसतेच, अशी त्याची खात्री होती, आणि त्या खात्रीवरच त्याने ती दाबली होती.

"ह्या तुमच्या ओळखीच्या व्हय?" जोतीरामने उदयसिंहला विचारलं.

"माझी भन हाय. म्हणून तर नाव सांगू नगं म्हणलो." उदयसिंह कसंनुसं हसला. "दुसऱ्या दुकानात गेला आसतास तर त्यांनी माणसाएवढी पट्टी गळ्यात मारली आसती. म्हणून बजावलं, तिथंच जा, ती बाई म्हणंल तीच पट्टी घे, आपलं डोकं चालवू नगंस. तिचं माप चुकायचं न्हाय."

"व्हय की. म्हणून तर बावीसची आणली," जोतीराम म्हणाला. "पयलं अठरा म्हणाल्या, मग इचार करून बावीस म्हणाल्या."

तो हे कौतुकाने सांगत होता. अनुजाला वाटलं, आता गप्प बसलं तरी चालेल. चेन बदलून देऊ, खोक्यात घोटाळा झाला म्हणू, डॉक्टरचं आपण बघू म्हणू. कोणाला काही कळणार नव्हतं. आणि जन्मभर हा माणूस सांगत फिरला असता की मला पुस्तक वाचता आलं नाही.

"तुमची चूक न्हाय, पावणं," ती म्हणाली. "चेन मी दुसरी दिली. तीन सुती. ती या मशीनला बसतच न्हाय."

"चुकून आली आसंल की, घाईत..."

"चुकून न्हाय. मी जाणून दिली. चिंधी बघितली, आक्काच्या लुगड्याची. वाटलं दादा माझ्या माघारी झाड इकतोय. म्हटलं, मशीन दोन दिस चालू नये."

जोतीरामने आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वैनी, मी तुमचं काय वाकडं केलतं?"

तो चिडून बोलला असता तर तिला सोसलं असतं. तो खरोखरच विचारत होता. त्याने तिचं काहीच वाकडं केलं नव्हतं. काल सकाळी तो माप घेऊन आला तेव्हा तिला तो आवडलासुद्धा होता.

आक्का पडवीच्या पायरीवर येऊन कधी उभी राहिली होती, कुणास ठाऊक. सत्तरी उलटलेली बाई, पण कान तिखट. ती खाली उतरली, अनुजाच्या समोर आली.

"सुतळी घावली न्हाय म्हणून म्याच फाडलं लुगडं," ती म्हणाली. "जुनं झालतं. तू पिवळ्या दोऱ्यानं शिवलंतंस त्येच."

"व्हय आक्का."

"मग ते वळखलंस, आणि मला फोन करून इचारलं न्हाईस? मी मेलेली न्हाय अजून."

अनुजा रडली. माणसांसमोर रडणाऱ्यांतली ती नव्हती, पण रडली. आक्काने तिला जवळ घेतलं नाही, आणि झिडकारलंही नाही. ती तिथंच उभी राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "चा ठेवती. पिऊन जा आणि ज्येचं हाय त्येला नीट आणून दे."

उदयसिंह तेवढ्या वेळात गोठ्याकडं गेला होता. चहाला आला नाही.

चहा पिताना जोतीरामने तिच्याकडे न बघता विचारलं, "फुडच्या येळी आमी वळखायचं कसं? कुठली कुठली हाय ते?"

तिने मशीनशेजारी पडलेली चेन उचलली. मशीनची शिकवणी तिने शंभर जणांना दिली असेल, पण चेन कुठली ते ओळखायला कुणाला कधी शिकवलं नव्हतं. तशी वेळच येऊ द्यायची नसते, असं ती समजत आली होती. "ह्या कड्या जिथं जोडल्यात तिथं ही टिकली दिसती बघा, रिव्हेट. तीन रिव्हेटा धरायच्या. पयलीपास्नं तिसरीपतोर मोजायचं आणि निम्मं करायचं. पाऊण इंच भरलं तर तीन सुती. पाऊण इंचाला थोडं कमी भरलं तर अडीच."

जोतीरामने मोजून पाहिलं. पाऊण इंच भरलं. त्याने चेन खाली ठेवली आणि हात पुसला.

अनुजा तशीच कोल्हापूरला गेली. तिने फळीच्या डाव्या हाताचं खोकं काढलं, अठराची पट्टी काढली, नवं चाक काढलं, कारण दाबून जुन्याचे दात खरचटले असणार. दोनदा तपासून बांधलं आणि चारच्या सुमाराला ती पुन्हा बांधावर हजर झाली. झाड जाणार याचं दुःख तिला वाटेत झालं होतं, हायवेवर हेल्मेटच्या आत. आता तिला फक्त मशीन नीट चालावी असं वाटत होतं, बाकी काही नको होतं.

जोतीराम बुंध्याशी बसला होता. शेजारी उदयसिंह. तिने खोकं उघडलं, चाक दिलं, पट्टी दिली आणि चेन काढून दोन्ही हातांत ताणून धरली.

"अठराची पट्टी, अडीच सुती चेन," ती म्हणाली. "आता बसंल."

जोतीरामने उजवा हात पुढं केला. चेन धरली. मग तो घुटमळला आणि त्याने उदयसिंहकडे पाहिलं.

उदयसिंहने बहिणीकडे पाहिलं नाही. खिशातून टेप काढली, जोतीरामच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मोजून घे."

जोतीरामचा एक हात बांधलेला. त्याला चेन आणि टेप दोन्ही धरता येईनात. म्हणून अनुजा खाली मातीत बसली, चेनचं एक टोक तिने धरलं, आणि तो रिव्हेटा मोजेपर्यंत ते न हलवता धरून ठेवलं.

"पाऊण इंचाला थोडं कमी," तो म्हणाला.

"आणि एकदा," उदयसिंह म्हणाला.

त्याने आणखी एकदा मोजलं. अनुजाने टोक सोडलं नाही.